पाठकोरा

फोन गेला तो धायरीच्या बसमध्ये,
स्वारगेट आणि दांडेकर पुलाच्या मधे कुठेतरी.

फरासखान्यात म्हणाले, बाई, तक्रार ऑनलाइन करा,
मोबाइलवर ओटीपी येईल.
मी म्हटलं, कुठल्या?
हवालदार हसले नाहीत.
त्यांनाही हा प्रश्न नवा नसावा.

बाजीराव रस्त्यावर सिमच्या दुकानात
मशीनने माझा अंगठा चार वेळा नाकारला.
सव्वीस वर्षं या अंगठ्याने फर्म्यांच्या घड्या दाबल्या,
रेषा कागदांनी नेल्या थोड्या थोड्या,
कुणाच्या गाइडात, कुणाच्या पोथीत.
शेवटी डाव्या करंगळीवर काम झालं.
तिला मी कधी कामाला लावलीच नव्हती.

सिम आलं, खातं उघडेना.
निनाद म्हणाला, मावशी, किल्ली सिममध्ये नव्हती,
फोनमध्ये होती.
सहा आकडे, दर तीस सेकंदांनी नवे.
म्हणजे आत्ताही, कुठल्या सीटखाली की कुणाच्या खिशात,
बॅटरी आहे तोवर
तो माझ्यासाठी आकडे बदलत बसला असणार.
मला वाईट वाटलं त्याचं.

खात्यात असून असून काय,
दोनशे सहा गिऱ्हाइकांचे पत्ते,
कव्हरांची मापं, रेक्झिनचे रंग,
आणि ज्यांची तोंडंही आठवत नाहीत
त्यांच्या उधाऱ्या.

"दहा कोड छापून दिले होते तुला,
जपून ठेव म्हटलं होतं."

तेव्हा आठवला तो कागद.
एका बाजूला छपाई, दुसरी बाजू कोरी.
आमच्या धंद्यात पाठकोऱ्याला मरण नाही.
मी जपलाच होता तो:
उभ्या पट्ट्या कापून, खळीत भिजवून
एका पुस्तकाच्या पाठीला चिकटवला होता,
त्यावर कापड,
त्यावर पुठ्ठा.

गणपतीच्या आठवड्यात खासगी काम एकच झालेलं.
रिसबूड, नारायण पेठ.
शब्दकोड्यांची कात्रणं, खंड सातवा.

"काका, तुमचं पुस्तक फाडायचंय," मी दारातच म्हटलं.
"किती वाजता?" त्यांनी विचारलं.

ओलं फडकं पाठीवर ठेवून वाट बघितली.
मोरचुदाचा वास सुटला, पण कापड सुटेना.
माझीच खळ मला ऐकेना.
एवढं घट्ट कशाला करायचं, मी पुटपुटले,
आणि आठवलं, गिऱ्हाइकं हेच म्हणतात,
मी त्यांना काय उत्तर देते तेही आठवलं.

पाऊण तासाने पट्ट्या निघाल्या,
भिजल्या पापडासारख्या.
नऊ कोड माझ्याच कात्रीने दुभंगलेले.
दहावा जवळजवळ सबंध,
पहिला आकडा तेवढा कडेला आलेला.
तीन, मी म्हटलं.
काकांनी भिंग धरलं. बराच वेळ धरलं.
"तीन नाही. आठ आहे.
डावी बाजू कापली गेली आहे बिचाऱ्याची."

आठ टाकला.
उघडलं.

निनाद टाळ्या वाजवत होता,
मी त्या विस्कटलेल्या खंडाची पानं सारखी करत होते.
सगळ्या चौकोनांत कुठे ना कुठे पांढरं.
विचारलं, सोडवलेली कोडी कुठल्या खंडात?
"ती रद्दीत जातात," काका म्हणाले.
"बांधायची ती न सुटलेली."
सात खंड.
कपाटात आणखी दोनांची जागा.

खात्याने नवे दहा कोड दिले.
कुठे ठेवू, मी मोठ्यानेच म्हटलं.
काकांनी उघड्या पाठीकडे बोट केलं.
"शब्दकोडी कोण चोरतं?"

या वेळी कात्री लावली नाही.
कागद उभा दुमडला, छपाई आत,
आणि खळ फक्त कडांना.

मजुरीचं ते काही बोलले नाहीत.
घरी येऊन मीच खात्यात नोंद केली,
परत मिळालेल्या खात्यातली पहिली:
रिसबूड, खंड सातवा.
देणे.